घडीखालची जखम

जाड बाई तपासून घ्यायला आली की मोठ्या बाई आधी स्वतः वजनकाट्यावर चढायच्या. चपला काढून, पदर खोचून, सिस्टरच्या खांद्याचा आधार घेत. काटा स्थिर झाला की आकडा मोठ्यांदा वाचायच्या, बाहेर बाकावर बसलेल्या नवरेमंडळींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. तो तीन अंकी असायचा. मग खाली उतरून समोरच्या पोरीला म्हणायच्या, "चल, आता तू. माझ्यापेक्षा जास्त भरलीस तर पेढा माझ्याकडून." जी पोरगी इतका वेळ काट्याकडे शाळेतल्या छडीकडे पाहावं तशी पाहत असायची, ती फिसकन हसायची आणि चढायची.

बाई स्त्रीरोगतज्ज्ञ. गंगापूर रोडच्या एका गल्लीत त्यांचं प्रसूतिगृह होतं. मी भूलतज्ज्ञ. नाशकातल्या निरनिराळ्या हॉस्पिटलांत जाऊन भूल द्यायची आणि सर्जन मंडळींची कुरकुर ऐकायची, हा माझा धंदा. सिझेरियन करताना पेशंटच्या छातीवर एक हिरवा पडदा आडवा लावतात. पडद्याच्या पलीकडे पोट, अलीकडे चेहरा. पलीकडचं राज्य बाईंचं, अलीकडचं माझं. "मोठ्या बाई" हे नाव सिस्टरांनी पाठीमागे ठेवलेलं होतं आणि ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. "एवढं अंगाने कमावलंय, मग नावात यायला काय हरकत आहे?" असं त्या म्हणायच्या. पण पेशंटला कुणी "जाडी" म्हटलेलं त्यांनी ऐकलं तर त्या माणसाची धडगत नसे. एका वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकलताना "ट्रक ढकलायला माणसं बोलवा रे" असा विनोद केला. बाईंनी स्वतः स्ट्रेचरवर आडवं होऊन त्याला एकट्याला ते कॉरिडॉरभर ढकलायला लावलं.

नव्या डॉक्टर मुली शिकायला आल्या की त्यांना बाईंचा पहिला पाठ ठरलेला. फार वजन असलेल्या बाईचं ऑपरेशन असलं की आधी तिला उभं करायचं, पोट पाहायचं. मग आडवं निजवायचं आणि पुन्हा पाहायचं. "बेंबीवर विश्वास ठेवू नका," त्या म्हणायच्या. "बेंबी हिंडते. उभी असताना मांडीशी जाते, निजली की कुशीत. हाडं हलत नाहीत. हाडांवर बोट ठेवा आणि मग ठरवा, आत गर्भाशय कुठे असेल." पुस्तकात बेंबीपासून इतकी बोटं खाली वगैरे जे काही लिहिलेलं असतं, ते बारीक बायकांसाठी लिहिलंय असं त्यांचं ठाम मत होतं. निळ्या पेनाने पोटावर रेघ मारायच्या, आणि ती मारताना पेशंटला सांगायच्या, "इथून काढणार आहे तुझं बाळ. बघून ठेव."

ही रेघ कुठे मारायची यावरून आमची भांडणं व्हायची. फार वजन असलं की पोटाची एक मोठी घडी खाली लोंबते. चीर घेण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक, ती घडी वर उचलून छातीकडे ओढायची, रुंद चिकटपट्ट्यांनी बांधून ठेवायची आणि घडीच्या खाली आडवी चीर घ्यायची. ही चीर कमी दुखते, टाके पक्के बसतात आणि नंतर घडीखाली झाकून जाते. पण घडीखाली कायम अंधार आणि ओल. नाशिकच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. दुसरा मार्ग, घडीला हातच लावायचा नाही, ती पडू द्यायची आणि बेंबीच्या वर चीर घ्यायची, उभी किंवा आडवी. तिथली जखम कोरडी राहते, डोळ्यांसमोर राहते. पण दुखते जास्त, आणि आत गर्भाशयाचा खालचा पातळ भाग गाठायला हात वाकडा करावा लागतो. तो नाही सापडला आणि गर्भाशय वरच्या बाजूला कापावं लागलं, तर पुढच्या बाळंतपणात ते फाटायची भीती बाईच्या जन्माला पुरते.

मला पहिला मार्ग मुळीच आवडत नसे. ती घडी छातीकडे ओढून बांधली की सगळं वजन पेशंटच्या श्वासावर येतं, आणि श्वास माझ्या खात्यात मोडतो. मी पडद्यावरून मान वर करून म्हणायचो, "बाई, माझा पेशंट गुदमरतोय." पलीकडून उत्तर यायचं, "अहो भूलवाले, श्वास तुमचा, जखम माझी. शरीर मात्र तिचं एकटीचं आहे, तेव्हा दोघंही जरा दमाने घेऊ या." आणि खरंच पट्ट्या थोड्या सैल करायच्या. इतकी वर्षं आम्ही असं भांडलो की एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर सिस्टर विचारायच्या, सरांची तब्येत बरी नाही का.

मग सुनंदा आली.

सुनंदा पिंपळगाव बसवंतकडची. घरची थोडी द्राक्षबाग, आणि हंगामात ती पॅकहाउसमध्ये घडांतले वाईट मणी कात्रीने छाटायला जायची. अंगाने थोराड, बाईंच्याहूनही. पहिलटकरीण, त्यात साखर वाढलेली आणि रक्तदाबही. पण बोलायला अशी खट्याळ की बाईंच्या काट्याच्या नाटकावर तिनेच कडी केली. बाईंपेक्षा आकडा जास्त आल्यावर हात पुढे करून म्हणाली, "काढा पेढा." बाईंनी खरोखरच माणूस पाठवून पेढा मागवला, आणि मग साखरेचं आठवून तो स्वतःच खाल्ला. सुनंदा हसून हसून लाल झाली होती.

तिचं सिझेरियन ठरवून केलं. बाईंनी घडी वर घेतली, खाली चीर घेतली. मी नेहमीसारखा कुरकुरलो. पडद्याच्या अलीकडे सुनंदा जागी होती, कमरेखालीच भूल होती. पट्ट्या ताणल्यावर ती माझ्याकडे डोळे वर करून म्हणाली, "डॉक्टर, माझ्या छातीवर कोण बसलंय वो?" मी म्हटलं, "तूच बसलीयेस." ती हसली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. टाके व्यवस्थित पडले. तो दिवस अगदी सरळ गेला.

घरी गेल्यावर तिची जखम घडीखाली चिघळली. तापही असावा, पण बाळंतिणीला ताप येतोच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वास येऊ लागला तेव्हा तिने लाजेने कुणाला सांगितलं नाही. पावडर टाकत राहिली, वर लुगड्याचा तुकडा दाबत राहिली. नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही, सासू अंग पुसायला आली तर "माझं मी करते" म्हणाली. बेशुद्ध पडायला आली तेव्हा तिचा बाप तिला टेम्पोत घालून घेऊन आला. बाईंनी तिची घडी उचलली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना काय ते कळलं. त्यांनी तिथल्या तिथे जखम उघडली, धुतली, सडलेलं काढलं आणि मोठ्या हॉस्पिटलात स्वतः अँब्युलन्समध्ये बसून घेऊन गेल्या. विष रक्तात उतरलं होतं. सुनंदा वाचली नाही.

डॉक्टरकीत माणसं जातात. मी कोरडेपणाने बोलतो असं माझी बायको म्हणते, पण हे खरंच आहे, आणि प्रत्येकाच्या मागे थांबलो तर उद्याच्या पेशंटला कोण बघणार? बाईही हेच म्हणायच्या, पूर्वी. सुनंदानंतर म्हणेनाशा झाल्या.

सुरुवात शिस्तीपासून झाली. वॉर्डात रोज सकाळी प्रत्येक वजनदार बाळंतिणीची घडी बाई स्वतः उचलून पाहणार. घडीत धुतलेल्या सुती कापडाची पट्टी, ओली झाली की बदलायची. पायथ्याशी टेबलफॅन. घरी गेलेल्यांना फोन. तेही इतक्या उघडपणे की माझ्या गाडीत शेजारी बसून त्या स्पीकरवर ओरडत असायच्या, "नवऱ्याला आरसा धरायला सांग! नवरा कशासाठी केलाय? वास येतो का? लाजू नकोस, लाज गेली खड्ड्यात!" कॉलेज रोडच्या सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले वळून बघायचे. मला हे सगळं पटत होतं. चांगल्या डॉक्टरने चुकीतून शिकावं ते असंच, असं मला वाटत होतं.

मग एकदा ऑपरेशन चालू असताना, अगदी स्वच्छ, ताज्या पोटावर, बाई हात थांबवून म्हणाल्या, "वास येतोय का हो?"

कसलाच वास नव्हता. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, बाई." त्यांनी मान हलवली आणि पुढचं काम केलं. नंतर हे वरचेवर होऊ लागलं. भाचीच्या लग्नात पंगतीत बसलेल्या बाई मधेच उठून हात धुऊन आल्या, बोटं नाकाशी नेली, पुन्हा धुऊन आल्या. त्यांच्या घरी चहाला गेलो तर कप पुढे करत म्हणाल्या, "तुम्हाला काही येतोय?" मी एका मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, "नाक बिघडलेलं नाही माझं. सुनंदा येते." इतक्या सहजपणे, शेजारीण येते म्हणावं तसं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्यांना सर्वांत जास्त छळलं ते सुनंदाच्या बापाने, आणि त्याच्या मनात तसं काही नव्हतं. म्हाताऱ्याने तक्रार केली नाही, आरडाओरडा केला नाही. उलट द्राक्षांचा हंगाम आला की एक पेटी प्रसूतिगृहात येऊन पडायची. "बाईसाठी," एवढंच सांगून टेम्पोवाला निघून जायचा. मुलगी शेवटच्या घटकेला असताना बाई तिच्या पायथ्याशी बसून राहिल्या होत्या, हे तो विसरला नव्हता. बाई त्या पेटीला हात लावत नसत. सिस्टरांना सांगत, वाटून टाका. एकदा मीच म्हटलं, "अहो, प्रेमाने पाठवतो तो माणूस. एखादा मणी तरी." बाई म्हणाल्या, "त्याने मला शिव्या घातल्या असत्या ना भूलवाले, तर मी टोपलीभर खाल्ली असती."

मग एका दुपारी म्हातारा स्वतःच आला. सोबत धाकटी मुलगी मनीषा, पोटुशी, आणि तिचं बोट धरून सुनंदाची पोर. मनीषाही बहिणीच्याच बांध्याची. मी त्या वेळी बाईंच्या खोलीतच बसलो होतो. बाईंनी तिला दारात पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या, मग पुन्हा बसल्या. वजनकाट्याचं नाव काढलं नाही.

"मी नाही करणार हिचं," बाई म्हणाल्या. "मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देते. तिथे सगळं आहे."

म्हातारा म्हणाला, "तिथं तिला कोण वळखतं, बाई? सुनंदाला तुमी पायलं तेवढं आमी घरच्यांनी नाय पायलं."

"तुमची सुनंदा माझ्या हातून गेली."

"देवानं नेली. तुमी काय करणार व्हता." मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हिला आमीच ठेवून घेतली, मनीषाच सांभाळती. बायको माझी लय आधीच गेली. आता घरात बाईमाणूस म्हनून ही एकच हाय."

ते गेल्यावर बाई हात धुऊन आल्या. मग म्हणाल्या, "हिला काही झालं, तर ती पोर दुसऱ्यांदा पोरकी होईल. आणि दोन्ही वेळा मीच." मी म्हटलं, "नाही म्हणा ना. तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे?" त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं आणि तिकडे काही झालं, तरी मीच."

त्यांनी मनीषाचं ऑपरेशन घेतलं. उभं करून पाहिलं, निजवून पाहिलं, हाडं चाचपली, पुन्हा उभं केलं. रेघ मारायला पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मग रेघ मारली, बेंबीच्या वर, आडवी. घडी खाली तशीच पडू दिली. एवढ्या मोठ्या घडीने बेंबीच खाली ओढून नेलेली असते, त्यामुळे तिच्या वर चीर घेतली तरी आत हाताखाली गर्भाशयाचा खालचा भागच येतो, हे बाईंनी हाडांवरून बरोबर ओळखलं होतं. मला मात्र त्या दिवशी पाठीत भुलेच्या सुईची जागा सापडेना. मनीषा वाकून बसलेली, मी घामाघूम. "डॉक्टर, दमलात तर पानी प्या," ती म्हणाली. नशीब, पुढच्या खेपेला सुई बसली.

पडद्यापलीकडे काय चाललंय ते मला बाईंच्या कपाळावरून कळायचं. त्या दिवशी कपाळ दगडासारखं होतं. बाळ निघालं, रडलं. मुलगा. गर्भाशय खालच्याच बाजूला उघडलं होतं, टाके घातले. मग बाईंचा हात थांबला आणि मला कळलं, आता काय येणार.

"वास येतोय का?"

मी तोंड उघडायच्या आत मनीषा टेबलावरून म्हणाली, "मला तं बाई तुमच्या अंगाच्या पावडरीचा येतोय." सिस्टर हसली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पुढचा टाका घेतला.

मनीषाची जखम दृष्ट लागावी अशी भरली. बाई सकाळ-संध्याकाळ येऊन पाहायच्या, आणि पाहायला काही उचलावं लागत नसे. झगा वर केला की समोर. टाके निघाले, ताप नाही, ओल नाही. सुनंदाची पोर रोज येऊन भावाच्या पायाला हात लावून जायची.

बाई गेल्या वर्षी गेल्या. शोकसभेत पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. त्यांनी किती बाळंतपणं केली, किती मुलींना शिकवलं, काट्यावर चढायच्या तो किस्सा तर तिघांनी सांगितला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं निमित्त काढलं. माझ्या डोळ्यांपुढे बाईंची एकच सकाळ होती, मनीषा घरी निघाली त्या दिवसाची, आणि ती सभेत सांगण्यासारखी नव्हती.

मनीषा आवरून बाईंच्या खोलीत निरोप घ्यायला आली होती. बाळ तिच्या मांडीवर होतं. म्हातारा आणि नात खाली गाडीशी थांबले होते. बाई तिला जखमेची काळजी सांगत होत्या, तेवढ्यात तिने विचारलं, "बाई, ताईची चीर कुठं व्हती?"

बाईंनी स्वतःच्याच पोटावर हात ठेवला. साडीवरूनच, घडीच्या खाली, जिथे कुणाला काही दिसत नाही तिथे. "इथे."

"आन् माझी वर. मंग ताईची वर का नाय घेतली?"

मी मधे पडलो. म्हटलं, हे बघ, दोन्ही पद्धती चालतात, मोठमोठ्या डॉक्टरांचंही यावर अजून एकमत नाही, वर घेतली असती तर ती वाचलीच असती असं कुणीही सांगू शकत नाही. हे सगळं खरं होतं. मी आजही तेच सांगेन. बाईंनी दुसरा हात वर करून मला गप्प केलं.

"मलाही पोटावर वण आहे," त्या मनीषाला म्हणाल्या. "उभा, बेंबीच्या वरपर्यंत. माझ्या मुलाच्या वेळचा. सासूबाई दवाखान्यात आल्या, तर त्यांनी आधी बाळ नाही बघितलं. चादर बाजूला करून हे बघितलं, आणि म्हणाल्या, 'आधीच पोट तसलं, त्यात हे.' जाड बाईला आयुष्यभर लोक एवढं बोलतात. मला वाटलं, सुनंदाला निदान हे एक ऐकायला लागू नये. खाली घेतली की झाकून जाते. तिने मागितलं नव्हतं. मीच ठरवलं."

इतकी वर्षं मी त्यांच्याशी पडद्यावरून भांडलो होतो, आणि हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, टाके पक्के बसतात म्हणून.

मनीषा रागावली नाही. रडलीही नाही. बाळाच्या तोंडावरचं दुपटं सारखं करत ती बसली, आणि सरळ, घरातल्या मोठ्या माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाली, "पन वर असती तं आमाला दिसली असती ना, बाई."

बाईंनी मान हलवली. "हो गं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसली असती."

खालून हॉर्न वाजला. मनीषा उठली. पोटावरच्या जखमेमुळे तिला वाकून पाया पडता येईना, म्हणून तिने नुसताच बाईंच्या खांद्याला हात लावला आणि ती जिना उतरून गेली. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. बाई खुर्चीत तशाच बसून होत्या. सुनंदाची चीर दाखवायला ठेवलेला हात त्यांनी अजून काढला नव्हता.